कडू नसलेली गोळी

गोळी जिभेवर होती आणि कडू लागत नव्हती.

पाण्याला उशीर झाला म्हणून हे कळलं, नाहीतर कळलंही नसतं – एरवी नवरा एका हातात गोळ्यांची वाटी आणि दुसऱ्या हातात पेला असं दोन्ही एकदम पुढे करायचा आणि जिभेला पत्ता लागायच्या आत सगळं घशाखाली जायचं. आज पेला भरता भरता त्याचा फोन थरथरला, तो पाठ फिरवून खिडकीशी गेला, आणि ती पलंगाच्या कडेवर, तोंडात गोळी धरून, त्याच्या पाठीकडे बघत बसून राहिली. अजून नाही... अजूनही नाही. ही गोळी अशी नव्हती. जिभेला नुसती टेकली तरी दुपारच्या चहापर्यंत तोंड कडूजहर करून ठेवायची. पहिल्या दिवशी तसं झालं होतं आणि तिने कुरकुरही केली होती. आता मात्र खडू चघळल्यासारखं वाटत होतं. किंचित गोडसर खडू.

तिने गोळी तळहातावर काढली. पांढरी, गोल, मधोमध मोडायची रेघ. आकार जवळपास तोच – जवळपास. पण कड जरा जाड, रेघ जरा उथळ, आणि ओल्या बाजूने पीठ सुटत होतं तेही वेगळं, भरड. औषधांच्या कारखान्यातल्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची बहुतेक नोकरी झाली होती. काचेची भांडी ओळीने मांडलेली, त्यांत पोटातल्याइतकं कोमट पाणी, प्रत्येकात एक गोळी, वरून संथ फिरणारी पाती, आणि कोणती गोळी किती वेळात किती विरघळते हे बघत उभं राहायचं. लोक माणसांचे चेहरे बघतात तशी ती गोळ्या बघायची. आणि तिच्याच घरात, तिच्याच वाटीत कुणीतरी कॅल्शियमची गोळी ठेवली होती, आणि तिने ती – आजच? की काल, परवाही? – शहाण्या मुलीसारखी गिळली होती.

कुणीतरी. घरात माणसं तीन. त्यातलं एक ती स्वतः.

तिचा हात उजव्या कानाकडे गेला. कानामागे टाके होते, टाक्यांवर पट्टी, आणि कातडीखाली नाण्याएवढं एक यंत्र, जे अजून चालू केलेलं नव्हतं. यंत्राची तार आत शंखात गेली होती. कानातला शंख म्हणजे खरोखरच गोगलगायीच्या शंखासारखा, वळत वळत आत गेलेला; दाराशी बारीक, टोकदार आवाज ओळखणाऱ्या पेशी राहतात आणि पार आतल्या टोकाशी खर्जातले आवाज ओळखणाऱ्या. दाराजवळच्या तिच्या केव्हाच गेल्या होत्या – लेक झाल्यानंतर एकेक करत, आधी पाखरं गेली, मग घंटी, मग शब्दांमधली सगळी धारदार अक्षरं, मग बायकांचे आवाज, आणि त्यांत लेकीचाही, तो नीट ऐकून घेण्याआधीच. डावा कान लहानपणीच्या तापाने नेला; तिथला शंख हाडाने भरून आलेला, तिथे तार जाणारच नव्हती. उजव्याच्या टोकाशी तेवढं थोडं शिल्लक होतं. मोटारीचं इंजिन. ढगांचा गडगडाट. आणि नवऱ्याचा आवाज – शब्द नव्हेत, शब्द ओठांवरून वाचायचे. शब्दांच्या खालून वाहणारा तो घुमारा, ज्यावरून तो खोलीत आहे की गेला, दमलाय की चिडलाय, हे तिने पाठ फिरवली तरी समजायचं.

तार आत गेली की शरीर खवळतं. परकं काही घुसलं म्हणून सूज आणतं, तारेभोवती चिवट व्रण विणायला घेतं, आणि त्या धुमाळीत टोकाच्या गरीब पेशीही मरतात. म्हणून स्टेरॉइड. ऑपरेशनच्या आधीपासून गोळ्या, ऑपरेशन चालू असताना शिरेतून आणि थेंबाथेंबाने थेट कानात, नंतर परत गोळ्या, हळूहळू कमी करत आणलेल्या. शरीराला सारखं सांगत राहायचं, की बाबा रे, गप्प बस, हे आपलंच आहे. यंत्र पुढे तिला शब्द देणार होतं. गोळ्या घुमारा राखायला मदत करणार होत्या. नक्की नाही, शक्यता. आता या क्षणी कानात रक्त आणि पाणी साठलेलं, त्यामुळे काहीच ऐकू येत नव्हतं – घर, रस्ता, स्वतःचं खोकणं, सगळं बंद. शक्यता तेवढी चालू होती.

आणि त्या शक्यतेची गोळी कुणीतरी वाटीतून काढून घेतली होती.

गोळ्यांनी झोप जाते, भूक वाढते, माणूस चिडका होतो, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. लेक त्यांना ड्रॅगनच्या गोळ्या म्हणायची. "बाबा, ड्रॅगनला खायला घातलं का?" – आईला ओठ दिसतील असं मुद्दाम तोंड वळवून, म्हणजे आईनेही हसावं, आणि पहिल्यांदा ती हसलीही होती. नणंदेने फोनच्या पडद्यावरून डोळे मोठे करून सांगितलं होतं, "वहिनी, तुझा काही दोष नाही गं. गोळ्या बोलतायत." किती समजूतदार सगळे! कुणाला ती काही बोलली की समोरचा माणूस दुखावायचा नाही, रागवायचा नाही, मान तिरकी करून नुसता बघायचा, तापलेल्या मुलाकडे बघावं तसा. म्हणजे ती जे म्हणत होती ते कुणी ऐकतच नव्हतं. कान तिचे गेले होते, आणि ऐकत नव्हते ते.

बुधवारचा जग.

जेवताना नवरा काहीतरी म्हणाला, लेक खुदकन हसली, तोही हसला. तिने विचारलं, काय झालं? लेक म्हणाली, "काही नाही गं, सोड." एवढंच. लेकीला त्यात काही वाटलंही नसेल. पण हे 'काही नाही' ती इतकी वर्षं ऐकत – नाही, वाचत – आली होती. लग्नाघरी, प्रयोगशाळेत, दुकानात, दवाखान्यात; सगळे पोट धरून हसतात, तिने विचारलं की तोंडं पुसतात आणि म्हणतात, काही नाही. तिने पाण्याचा काचेचा जग टेबलावर ठेवला, तो ठेवण्यापेक्षा पुष्कळ जास्त जोरात ठेवला गेला, आणि ती म्हणाली – ओरडली असणार, कारण दोघांचेही खांदे एकदम वर गेले – "इतकी वर्षं मला ताटात 'काही नाही'च वाढलंय तुम्ही. आज काहीतरी वाढा!" पाणी लेकीच्या मांडीवर ओघळलं. लेक रडली. आणि नंतर हिने काय करावं? लेकीच्या खोलीत जाऊन, तिच्या केसांवरून हात फिरवून, हिने स्वतःच्या तोंडाने माफी मागितली. गोळ्यांमुळे होतंय गं. मी नाही ती.

मी नाही ती... असं मी म्हणाले.

नवरा फोन ठेवून वळला. पेला घेऊन दोन पावलं आला आणि तिचा तळहात बघून थांबला. काही विचारायची गरजच उरली नाही. शाळेत खिशातून चिठ्ठी निघालेल्या मुलाचा चेहरा असतो तसा त्याचा झाला होता. पण सवय बघा – पडद्याच्या सावलीत उभा होता तो बाजूला सरकून उजेडात आला, चेहरा नीट तिच्यासमोर धरला. तिला वाचता यावं म्हणून. इतक्या वर्षांत हे तो एकदाही विसरला नव्हता, आणि आत्ताही विसरला नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"काय आहे हे?" आपला आवाज तिला नुसता घशात जाणवला.

"कॅल्शियम," त्याचे ओठ म्हणाले.

"कधीपासून?"

"सोमवार."

"कुणाला विचारून?"

"केमिस्ट म्हणाला, शेवटी शेवटी कमीच करायच्या असतात."

"केमिस्टने माझा कान बघितलाय? आतून?"

"अगं, तू झोपत नव्हतीस. कपाटं रिकामी करून परत भरत होतीस. पोरगी घाबरलीय तुला, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून सांगते आणि जिन्यात बसून राहते. मी बघितलंय." तो भरभर बोलायला लागला, मग तिला वाचता येणार नाही हे लक्षात येऊन सावकाश. "मला वाटलं, ऑपरेशन तर नीट झालंय. आता थोड्या गोळ्या इकडच्या तिकडे झाल्या तर... मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल."

"उतरलं?"

त्याने तिच्याकडे बघितलं. प्रामाणिकपणे, खरोखर विचार करून.

"नाही," तो म्हणाला.

वेळ दुसरी असती तर ती हसली असती. सोमवारपासून. ह्या औषधाचा अंमल फार तर दीड दिवस टिकतो, हे तिला आवर्तसारणीसारखं पाठ होतं. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी ती धुतल्यासारखी स्वच्छ होती. आणि बुधवारी जग... बुधवारी पोटात होता तो नुसता खडू. काचेच्या भांड्यात काहीच न टाकता पाती फिरवली, तरी पाणी लालभडक झालं होतं.

तपासणीची वेळ आजचीच होती, टाके बघायला. दोघं खाली उतरली आणि ती सवयीने त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. पायाखाली दुसरा ब्रेक होता. नवरा गाडी चालवायला शिकवायचा; छतावर शिकाऊची पाटी लावलेली ही गाडी म्हणजे त्याची शाळाच, आणि शिकवताना तो स्वतः ह्या शेजारच्या सीटवर बसायचा, ह्या जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून. पाहुण्यांना तो रंगवून सांगायचा: "शिकणाऱ्याला कधी कळू द्यायचं नाही आपण ब्रेक मारला म्हणून. हळूच दाबायचा. त्याला वाटलं पाहिजे, आपणच थांबवली. मग कॉन्फिडन्स येतो." पाहुणे हसायचे. तीही हसायची, कारण ही गोष्ट तिला पूर्ण वाचता यायची, इतक्यांदा सांगितलेली.

हसायची!

ऑपरेशनच्या आधी सर्जन हात हलवत, बोटांनी शंख काढून दाखवत, केव्हाचे बोलत होते, तोंडावर मास्क, आणि ते थांबल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "म्हणतायत, होईल सगळं व्यवस्थित." एवढंच? इतका वेळ एवढंच बोलत होते? "अगं, मथितार्थ हाच." प्रयोगशाळेतून तिला हलवलं, मशीनचा इशारा ऐकू येत नाही म्हणून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं, तेव्हाही साहेबांचा फोन त्यालाच आला होता, आणि त्याने घरी येऊन सांगितलं होतं, जरा आरामाचं काम देतायत तुला. आयुष्यभर मथितार्थ. ती स्टिअरिंग धरून बसली होती, वळणं घेत होती, आपणच थांबतोय आपणच निघतोय असं समजत होती... आणि शेजारी कुणाचा तरी पाय. हळूच. मायेने. कळूसुद्धा न देता.

आणि हाच माणूस – हे आठवायला नको होतं, पण आठवलं – ऑपरेशनच्या आदल्या दुपारी दवाखान्याच्या कॉटवर तिच्याशेजारी अर्धवट आडवा झाला होता, आणि तिने त्याच्या छातीवर उजवा कान ठेवून सांगितलं होतं, बोल काहीतरी. कदाचित शेवटचंच असेल. त्याला काही सुचेना. मग त्याने खिशातून गाडीच्या विम्याचा कागद काढला आणि त्यातली कलमं वाचत राहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नर्स येऊन उठवेपर्यंत; आणि ती त्या घुमाऱ्यात, एक शब्द न कळता, डोळे मिटून पडली होती. हे ज्याने केलं त्यानेच ते केलं. दोन्ही एकाच भांड्यात टाकली तर काय विरघळतं आणि तळाशी काय राहतं, हे तिला सांगता येईना, आणि त्याचाही राग आला.

सर्जननी पट्टी काढून टाके बघितले, मान डोलावली आणि नवऱ्याकडे वळून बोलायला लागले.

"माझ्याकडे बघून बोला, डॉक्टर. आणि मास्क खाली घ्या."

त्यांनी मास्क खाली घेतला. चेहऱ्यावर हसू होतं, घरच्यांसारखंच, मान तिरकी केलेलं. "चिडचिड होतेय का फार? ते गोळ्यांनी होतं. घरच्यांनी जरा सांभाळून घ्यायचं."

"सोमवारपासून माझ्या पोटात एकही गोळी गेलेली नाही," ती म्हणाली. "ही चिडचिड माझी आहे."

सर्जनचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. ते नवऱ्याकडे वळणार तेवढ्यात नवऱ्यानेच चेहरा पुढे केला, दोघांच्या मधे, उजेडात, आणि सावकाश, तिलाही वाचता येईल असं म्हणाला, "मी बदलल्या. तिला न सांगता."

मग सर्जननी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला आणि टाइप करायला लागले; आज पहिल्यांदाच कुणी तिला मथितार्थाऐवजी अर्थ देत होतं. ऑपरेशनच्या वेळचं औषध सगळ्यात महत्त्वाचं, ते मिळालेलं आहे. नंतरच्या गोळ्यांचा नेमका किती उपयोग होतो यावर आमच्यातही एकमत नाही. आजपासून परत सुरू करू, मग ठरल्याप्रमाणे कमी करत नेऊ. अशा आपल्या मनाने बंद करू नयेत, अंगावर येतं. कानात अजून रक्त आणि पाणी आहे. काय उरलंय ते यंत्र चालू करू तेव्हा मोजू.

"आणि उरलं नसेल तर?" तिने विचारलं. "ते मधल्या या दिवसांमुळे गेलं, की तसंही जाणारच होतं, ते कळेल?"

बोटं परत कळांवर गेली. मग एकच ओळ उमटली.

नाही कळणार.

गाडीत परत येऊन बसल्यावर तिच्या मांडीवर नवी पाकिटं होती, न फोडलेली. नवऱ्याने किल्ली लावली पण फिरवली नाही. प्रयोगशाळेत एका भांड्यावरून कुणी निष्कर्ष काढला असता तर तिने त्याला दारातून परत पाठवलं असतं. शेजारी तुलनेला दुसरं भांडं लागतं, तेच पाणी, तीच ऊब, फक्त एक गोष्ट वेगळी. इथे तुलनेला दुसरी ती नव्हती – सोमवारी कडू गोळी गिळलेली, बुधवारी जग आपटलेली किंवा न आपटलेली. कान राहिला तर तो म्हणणार, बघ, काही बिघडलं नाही ना. कान गेला तर म्हणेल, जाणारच होता गं. आणि दोन्ही वेळा तो बरोबर असू शकेल! हे असं होतं – अपराध होता, अपराधी शेजारी बसला होता, कबुलीही देऊन झाली होती, आणि तरी रागाला जाऊन धडकायला भिंत मिळणार नव्हती.

"चुकलं माझं," त्याचे ओठ म्हणाले.

"बोल," ती म्हणाली.

"बोललो की. चुकलं."

"ते नाही. नुसता बोल. मी बघणार नाही."

तिने डोळे मिटले. मग – प्रयोगशाळेतली सवयच ती – पाय जमिनीवरून उचलले, पाठ सीटपासून सुटी केली, हात स्वतःच्याच पोटाशी धरले. थरथर अंगातून आत शिरली तर ते ऐकणं नव्हे. वाट बघितली. अंधार होता, आणि अंधारात टाक्यांची ठणक, आणि आपल्याच रक्ताचा दाब. खूप खोल, शंखाच्या शेवटच्या वळणावर, काहीतरी होतं... किंवा असावंसं वाटत होतं. विहिरीच्या तळाशी कुणी दार ओढून घेतल्यासारखं. परत. की ते हृदय? डॉक्टर म्हणाले होते, आत्ता काही कळणार नाही. पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा तिने पाय खाली ठेवले आणि डोळे उघडले.

तो अजून बोलत होता. समोरच्या कप्प्यातून विम्याचा कागद काढला होता आणि मान खाली घालून वाचत होता. चेहरा तिच्याकडे नव्हता, उजेडातही नव्हता, ओठ अर्धेमुर्धेच दिसत होते. त्याला ती बघतेय हे माहीत नव्हतं. घशाशी कातडी हलत होती, तिथे, जिथून तो घुमारा यायचा.

ह्याने विरघळेन असं मला वाटलं होतं. विरघळले नाही. राग होता तसाच आहे, घट्ट, कड न झिजलेला. पण सकाळी तो थरथरत होता, आता थरथरत नाही. संध्याकाळी गोळी घेईन. घ्यायलाच हवी. ती कडू असेल, आणि रात्रीपर्यंत रक्तात उतरेल, आणि मग उद्या जे काही बोलेन त्यात गोळीचं किती आणि माझं किती, हे परत कुणाला सांगता येणार नाही, मलासुद्धा. घरी सगळे माना तिरक्या करायला मोकळे. म्हणजे हाती आहे ती ही एवढी दुपार. तेवढ्यात हा राग नीट बघून ठेवायला हवा – रंग, कड, रेघ कुठे आहे, कुठून मोडतो – म्हणजे उद्या दुसऱ्या कशात मिसळला तरी माझा मला ओळखता येईल.

त्याने कागद घडी करून ठेवला आणि किल्ली फिरवली. इंजिनाची थरथर तळव्यातून वर आली. तिचा उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. केव्हा गेला होता कुणास ठाऊक. त्याने आधी पायाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

मी दाबला नाही. काढलाही नाही.